चंद्राच्या मातीवरचा उजेड : एका एम.एस्सी. प्रोजेक्टची हकिगत

चंद्राची माती विकत मिळत नाही. अपोलोचे नमुने नासा संशोधकांना उसने देते, पण एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने ती आशा धरू नये. तरीही त्या मातीवर प्रकाश पडला की त्यातला किती परत येतो आणि कुठला रंग आत अडकतो, या विषयावर मुंबईत बसून प्रोजेक्ट करता येतो. मी तो केला. एप्रिल २०२५ मध्ये तोंडी परीक्षा झाली. सुरुवातीला कुठे जायचं, कोणाला पत्र लिहायचं, खर्च किती येईल हे सांगणारं कोणी भेटलं नव्हतं. भूविज्ञान किंवा भौतिकशास्त्राच्या कोणाला हा विषय घ्यावासा वाटला तर उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

जून २०२४ मध्ये विषय द्यायचा होता. त्याच महिन्याच्या शेवटी चीनचं चांग-ई ६ चंद्राच्या पलीकडच्या बाजूची १,९३५ ग्रॅम माती घेऊन परतलं होतं, त्यामुळे डोक्यात चंद्रच होता. सरांनी पहिलाच प्रश्न विचारला, "नमुना कुठून आणणार?" उत्तर शोधायला आठवडा गेला. चंद्राची जी अंगं काळपट दिसतात तिथे बेसाल्ट आहे आणि मुंबई बेसाल्टवरच उभी आहे. दख्खनचा आपला काळा पाषाण सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, चंद्रावरचा बराचसा बेसाल्ट ३०० कोटी वर्षांहून जुना. पण पायरॉक्सिन, प्लॅजिओक्लेज ही मुख्य खनिजं दोन्हीकडे आहेत. उजळ भागांसाठी फिकट रंगाचा खडक म्हणजे अ‍ॅनॉर्थोसाइट हवा. तो तमिळनाडूत सित्तमपुंडीला मिळतो. इस्रोने चांद्रयानाच्या चाचण्यांसाठी कृत्रिम चांद्रमाती बनवली ती तिथल्याच खडकातून. आमच्या विभागात जुन्या सहलीत आणलेले दोन-तीन तुकडे कपाटात पडून होते. तुमच्याही विभागात असतील, आधी कपाटं उघडून बघा.

खऱ्या चांद्रमातीची मोजमापं मात्र फुकट मिळतात. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठाच्या रीलॅब या प्रयोगशाळेने अपोलोच्या मातीचे वर्णपट, म्हणजे कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती परत येतो त्याच्या रेघा, मोजून सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. मी दोन नमुने निवडले. १००८४ ही अपोलो ११ ने शांतिसागर या चंद्रावरच्या काळपट मैदानातून आणलेली माती, टायटॅनियमने भरलेली. ६२२३१ ही अपोलो १६ ची, डोंगराळ उजळ भागातली. पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी घेतलेले चंद्राचे वर्णपट जुळवायला वर्षानुवर्षं हीच ६२२३१ आधाराला धरली गेली. माझ्या दगडांची भुकटी आणि हे दोन नमुने यांची तुलना, असा विषय मंजूर झाला. विषयाच्या कागदावर मार्गदर्शक, विभागप्रमुख आणि प्राचार्य अशा तीन सह्या लागतात. प्राचार्यांची सही सुट्टीच्या आधीच्या दिवशी मिळत नाही, हे धरून अर्ज करा.

वाचन करताना एक गोष्ट कळली आणि मला फार बरं वाटलं. अपोलोचे नमुने मुंबईत येऊन गेले आहेत. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत (टी.आय.एफ.आर.) देवेंद्र लाल यांच्या गटाने त्यांतल्या खनिजांवर वैश्विक किरणांनी सोडलेल्या खुणा तपासल्या होत्या. त्या गटातले व्यं. सु. वेंकटवरदन पुढे वरळीच्या नेहरू तारांगणाचे पहिले संचालक झाले. शाळेच्या सहलीत आम्ही ज्या तारांगणात गेलो होतो, ते उभं करणाऱ्या माणसाने चंद्राचे कण सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते.

जुलैत दगड आणायचा होता. पावसाळ्यात खाणीत उतरू देत नाहीत, म्हणून पनवेलच्या पुढच्या एका चालू दगडखाणीच्या मुकादमांना कॉलेजचं पत्र दाखवून, नुकत्याच फोडलेल्या ढिगातून दगड घेतले. सरांनी बजावलं होतं की पृष्ठभागावरचा, पिवळट साल आलेला दगड अजिबात नको. पोकळ्यांत पांढरी झिओलाइटं भरलेला नको. आतला, जड, निळसर काळा, हातोडी मारल्यावर खणकन वाजणारा दगडच घ्यायचा. याचं कारण पुढे येतंच. प्रत्येक दगडाचा एक पातळ छेद, म्हणजे प्रकाश आरपार जाईल इतका घासलेला काप, करून घेतला; बाहेर एका छेदाला चारशे रुपये पडले आणि तीन आठवडे थांबावं लागलं. सूक्ष्मदर्शकाखाली ज्यात हिरवट-तपकिरी मातीखनिज दिसलं ते दगड बाजूला ठेवले. पाचांतला एकच टिकला.

मग दळण. जबड्याच्या क्रशरमध्ये खडी, नंतर अगेटच्या खलात बारीक. लोखंडी खल वापरायचा नाही. लोखंडाचा अंश भुकटीत उतरला तर वर्णपट बदलतो, आणि चंद्राच्या मातीत तर सगळा खेळ लोखंडाचाच आहे. खलात एका वेळी दोन-तीन चमचेच मावतात, मनगट भरून येतं. तोंडाला एन-९५ मास्क लावूनच बसा. मग चाळण्या: १५० मायक्रॉन, ७५ मायक्रॉन, ४५ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). शेवटची चाळणी ३२५ नंबरची. ती आमच्याकडे नव्हती, दुसऱ्या कॉलेजातून पत्र देऊन आठवड्याच्या बोलीवर आणली. चंद्राच्या मातीचा सरासरी कण साधारण ६० ते ८० मायक्रॉनचा असतो, पण रीलॅबची बरीच मोजमापं ४५ मायक्रॉनखालच्या मातीवर केलेली आहेत, म्हणून माझाही भर त्यावरच होता.

इथे पहिल्यांदा विषय डोळ्यांनी दिसला. काळाकुट्ट दगड दळत गेलं की राखाडी होतो आणि ४५ मायक्रॉनखाली चांगला फिका होतो. दगड तोच, खनिजं तीच. कण बारीक झाले की प्रकाश कणाच्या आत फार अंतर न कापता पृष्ठभागावरून पृष्ठभागावर आपटत बाहेर पडतो, शोषला जायला वाव कमी मिळतो. त्यामुळे "या दगडाचं परावर्तन किती" या प्रश्नाला कणाचं माप सांगितल्याशिवाय उत्तरच नाही.

आता पाण्याबद्दल. या प्रोजेक्टमधलं सगळ्यात अवघड काम मला हेच वाटलं. पायरॉक्सिनमधलं लोह दोन तरंगलांबींचा प्रकाश शोषतं (तरंगलांबीही मायक्रॉनमध्येच मोजतात): १ मायक्रॉनच्या आसपास आणि २ मायक्रॉनच्या आसपास. वर्णपटात तिथे दोन खड्डे दिसतात आणि त्यांची नेमकी जागा पाहून पायरॉक्सिनमध्ये कॅल्शियम कमी आहे की जास्त ते सांगता येतं. ऑलिव्हिनचा एकच रुंद खड्डा १ मायक्रॉनच्या थोडा पुढे, लोहाचा अंश असलेल्या प्लॅजिओक्लेजचा १.२५ जवळ. पाणी मात्र १.४ आणि १.९ ला शोषतं. म्हणजे पायरॉक्सिनचा दुसरा खड्डा आणि पाण्याचा खड्डा शेजारी-शेजारी. चंद्राची माती कोरडी, ती या तरंगलांबीत पाण्याची खूण दाखवत नाही. आणि माझी भुकटी ऑगस्टच्या मुंबईत उघड्या बशीत ठेवली की तासाभरात हवेतलं पाणी ओढून घ्यायची.

उपाय दोन. कणाला नुसतं चिकटलेलं पाणी ११० अंशांवर रात्रभर तापवून जातं. मातीखनिजाच्या रचनेतलं पाणी तसं जात नाही, म्हणून दगडच ताजा निवडायचा. रात्रभर ओव्हन चालू ठेवायला कॉलेजची परवानगी लागते, हे मला तेव्हा कळलं. विभागप्रमुखांमार्फत प्राचार्यांना अर्ज, वॉचमनच्या वहीत नोंद, ओव्हनवर नाव आणि फोन नंबरचा कागद. परवानगी यायला दहा दिवस लागले आणि मधे ७ सप्टेंबरला गणपती बसले. आमच्या प्रयोगशाळेतले काका सुट्टीतही संध्याकाळी येऊन ओव्हन लावून गेले. त्यांच्याशिवाय हा प्रोजेक्ट झाला नसता. वाळवलेली भुकटी गरम असतानाच छोट्या काचेच्या बाटल्यांत, बाटल्या डेसिकेटरमध्ये, म्हणजे तळाशी ओलावा शोषणारं सिलिका जेल असलेल्या बंद भांड्यात. सिलिका जेल निळं असेल तर ठीक, गुलाबी झालं की पुन्हा तापवायचं. पावसाळ्यात ते दर दोन-तीन दिवसांनी बघावं लागतं.

मोजणीचं यंत्र, म्हणजे ३५० ते २५०० नॅनोमीटर मोजणारा स्पेक्ट्रोरेडिओमीटर, आमच्याकडे नाही. शहरातल्या एका मोठ्या संस्थेत बाहेरच्यांना ते वापरायला मिळतं. त्यासाठी लागणारी कागदपत्रं: मार्गदर्शकांचं पत्र, कॉलेजचं ओळखपत्र, नमुने विषारी किंवा किरणोत्सारी नाहीत असं हमीपत्र, आणि नमुन्यांची यादी. शुल्क तेव्हा अर्ध्या दिवसाला अडीच हजार होतं, वर १८ टक्के जीएसटी, तेही आगाऊ ऑनलाइन. एक सांगते: पावती कॉलेजच्या नावावर आणि कॉलेजच्या जीएसटी क्रमांकासह मागा. माझी तशी होती म्हणून विभागाने अर्धे पैसे परत दिले. माझ्या मैत्रिणीची स्वतःच्या नावावर होती, तिला काहीच मिळालं नाही. अर्ज सप्टेंबरच्या मध्याला केला, तारीख मिळाली ऑक्टोबरच्या चौथ्या आठवड्यातली. थांबण्याचे ते दिवस मला फार जड गेले. बाकीच्यांची प्रकरणं लिहून होत होती आणि माझ्याकडे एकही आकडा नव्हता.

याच दिवसांत, १६ ऑक्टोबरला, कोजागिरी होती. सोसायटीच्या गच्चीवर दूध आटत होतं आणि मी शेजारच्या काकूंना सांगत होते की पुनवेचा चंद्र अष्टमीच्या अर्ध्या चंद्राच्या दुप्पट नाही, दहापटीहून जास्त उजेड देतो. त्यांना खरं वाटेना. कारण मातीतच आहे. चंद्राच्या मातीचे कण भुसभुशीत, खाचाखोचांचे. सूर्य बाजूला असला की प्रत्येक कणाची सावली शेजारच्यावर पडते. पुनवेला सूर्य आपल्या पाठीमागे असतो, सावल्या कणांच्या मागेच लपतात, शिवाय आल्या वाटेने परतणारा प्रकाश एकमेकांत मिसळून वाढतो. एवढं असूनही ही माती मुळात काळी आहे. चंद्रावर पडणाऱ्या प्रकाशापैकी सरासरी बारा टक्क्यांच्या आसपासच परत येतो, म्हणजे जुन्या झिजलेल्या डांबरी रस्त्याएवढा. काळ्या आकाशाच्या पार्श्वभूमीमुळे तो आपल्याला पांढरा वाटतो. काकूंनी दुधाचा पेला हातात देत विचारलं, "मग तू मोजणार काय?" मी म्हटलं, हेच, पण दिवा आणि डोळा दोन्हींचे कोन ठरवून.

ते कोन महत्त्वाचे. रीलॅबची मोजमापं दिवा ३० अंशांवर आणि निरीक्षण सरळ वरून, अशी आहेत. मीही तशीच मांडणी ठेवली, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. मोजणीच्या दिवशी बाटल्या हवाबंद डब्यात, डब्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि डबा मांडीवर धरून लोकलचा प्रवास. सकाळी सहाची गाडी धरली, गर्दीच्या आधी.

तिथले तंत्रज्ञ फार समजूतदार होते. यंत्र आणि हॅलोजन दिवा तासभर आधी लावून ठेवावा लागतो. या यंत्रात तीन संवेदक असतात, त्यांचे सांधे १००० आणि १८०० नॅनोमीटरला येतात. यंत्र तापलेलं नसेल तर सांध्यापाशी वर्णपटात पायरी दिसते. आणि १००० नॅनोमीटर म्हणजे १ मायक्रॉन, तिथेच तर आपला पायरॉक्सिनचा खड्डा! म्हणून घाई करू नका, अर्ध्या दिवसातला तास गेला तरी जाऊ द्या. खोलीत अंधार, टेबलावर काळं कापड, अंगात गडद कपडे; पांढऱ्या शर्टावरूनही प्रकाश परततो. दर दहा-पंधरा मिनिटांनी स्पेक्ट्रॅलॉनची, म्हणजे जवळजवळ सगळा प्रकाश परत पाठवणारी, पांढरी तबकडी मोजायची, तिच्या तुलनेतच परावर्तन निघतं. तबकडी महाग असते, तिला बोट लावायचं नाही. भुकटी काळ्या कपात भरून वरून काचपट्टीने सारखी करायची पण दाबायची नाही. दाबली की कण पसरट बसतात, पृष्ठभाग चकाकतो आणि आकडे हलतात. कप पाव-पाव वळसा फिरवून चारदा मोजायचं, सरासरी घ्यायची.

पडद्यावर पहिली रेघ उमटली तेव्हा हाताला घाम आला होता. १ मायक्रॉनला खड्डा स्पष्ट. १.९ ला पाण्याची जेमतेम खूण. तुलनेसाठी मी एक बाटली मुद्दाम न वाळवता नेली होती, तिच्यात तिथे खोल दरी होती आणि पायरॉक्सिनचा दुसरा खड्डा तिने अर्धा गिळला होता. परवानगीच्या दहा दिवसांचं चीज त्या दोन रेघांत दिसलं.

दिवाळीनंतर आकडेमोड. पायथॉनमध्ये वर्णपटावर वरून एक सरळ रेघ ताणून तिच्याशी भागायचं, म्हणजे उतार निघून जातो आणि खड्ड्याची खोली आणि मध्य मोजता येतो. नोव्हेंबरात विधानसभेची निवडणूक होती, शिक्षक निवडणुकीच्या ड्युटीवर, २० तारखेच्या मतदानाच्या मागेपुढे मार्गदर्शनाला कोणी भेटत नव्हतं. असा काळ आधीच कॅलेंडरवर बघून ठेवा.

तुलनेत माझी बेसाल्टची भुकटी दृश्य प्रकाशात वीस टक्क्यांच्या वर परत पाठवत होती, १००८४ जेमतेम दहा. माझे खड्डे खोल, तिचे उथळ. आणि तिची रेघ लाल रंगाकडे, पुढे अवरक्ताकडे सतत चढत जाणारी. खनिजं सारखी असून एवढा फरक का? इथे सरांनी मला दोन कारणं वेगळी करायला लावली. एक, इल्मेनाइट. शांतिसागराच्या मातीत टायटॅनियम डायऑक्साइड साडेसात टक्क्यांच्या आसपास आहे आणि ते बरंचसं या काळ्या खनिजात आहे. विभागाच्या संग्रहात रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूची जुनी बाटली होती. तिच्यातला मॅग्नेटाइट हातच्या चुंबकाने काढला, उरलेल्यातून चुंबकीय विलगकावर इल्मेनाइट वेगळं केलं आणि थोडं थोडं भुकटीत मिसळलं. त्यासाठी डिसेंबरात पुन्हा अर्धा दिवस, पुन्हा शुल्क.

मिश्रण झपाट्याने काळवंडलं. वजनाच्या मानाने कितीतरी जास्त, कारण प्रकाश अनेक कणांवर आपटत जातो आणि वाटेत एक जरी काळा कण भेटला तरी संपतो. खड्डेही उथळ झाले. पण रेघ चढी झाली नाही. उलट सपाट झाली. म्हणजे इल्मेनाइटने काळेपणा समजतो, लाली समजत नाही.

लालीचं कारण दुसरं, आणि ते मुंबईत काय, पृथ्वीवर कुठेच आपोआप घडत नाही. चंद्राला हवेचं पांघरूण नाही. सूक्ष्म उल्का आणि सौरवारा, म्हणजे सूर्याकडून येणारे वेगवान कण, कोट्यवधी वर्षं मातीवर आदळत राहतात. खनिजांची वाफ होते, ती शेजारच्या कणांवर बसते, आणि त्या पातळ थरात शुद्ध लोखंडाचे काही नॅनोमीटरचे मणी अडकतात. ब्रूस हॅपकी यांनी अशा वाफेतून बसणाऱ्या लोखंडाची कल्पना फार पूर्वी मांडली होती; १९९३ मध्ये केलर आणि मॅके यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली कणांवरचे ते थर दाखवले. एवढं बारीक लोखंड निळा प्रकाश जास्त खातं, लाल कमी. म्हणून माती काळवंडते, लालसर होते आणि खनिजांच्या खुणा पुसट होतात. जितका काळ माती उघडी, तितकी ती पिकलेली. ताज्या विवरांभोवतीचे उजळ किरण दिसतात त्याचं एक कारण हेच: तिथली माती अजून कोवळी आहे. जानेवारीत चांद्रयान-१ वरच्या एम-३ या वर्णपटमापकाची खुली माहिती उतरवून एका ताज्या विवराची आणि शेजारच्या जुन्या मैदानाची रेघ काढली, तेव्हा हाच फरक तिथेही दिसला. फायली अवजड असतात, हार्ड डिस्क वेगळी ठेवा. चांद्रयान-२ ची माहिती इस्रोच्या प्रदान या संकेतस्थळावर नोंदणी करून मिळते.

एक दिलासा. ऑगस्टमध्येच चांद्रयान-३ चे निष्कर्ष प्रसिद्ध झाले होते: प्रज्ञान रोव्हरने उतरण्याच्या जागेजवळच्या मातीत जे मोजलं ते अ‍ॅनॉर्थोसाइटशी जुळणारं होतं. त्यामुळे सित्तमपुंडीच्या तुकड्यांवरचं माझं प्रकरण जास्त आत्मविश्वासाने लिहिता आलं. त्या खडकात हॉर्नब्लेंड हे खनिज असतं आणि त्यातल्या हायड्रॉक्सिलचा (ऑक्सिजन-हायड्रोजन जोडीचा) खड्डा २.३ मायक्रॉनला येतो, चंद्रावरच्या अ‍ॅनॉर्थोसाइटमध्ये तो नाही, हे मात्र ठळक लिहा. परीक्षक हमखास विचारतात.

एकूण खर्च साधारण अकरा हजार, त्यात छेद, यंत्राचं शुल्क, बाटल्या, छपाई आणि पक्क्या बांधणीच्या चार प्रती. वाङ्मयचौर्य तपासणीचा अहवाल ग्रंथालयातून मिळतो, त्याला मार्चमध्ये रांग असते. फेब्रुवारीतच नंबर लावा.

तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी शेवटी विचारलं, "एवढं पाणी घालवलंत, पण चंद्रावर पाणी सापडलं ना?" सापडलं, एम-३ नेच, २००९ मध्ये जाहीर झालं, पण ती खूण २.८ ते ३ मायक्रॉनला आहे आणि माझं यंत्र २.५ ला थांबतं. त्यासाठी अवरक्तातलं दुसरं यंत्र आणि याहून कडक कोरडेपणा लागेल. पुढच्या बॅचमधल्या एका मुलीने तोच विषय घेतला आहे. माझ्या बाटल्या डेसिकेटरच्या खालच्या कप्प्यात आहेत, प्रत्येकीवर कणाचं माप आणि वाळवल्याची तारीख आहे. तिला मी इतकंच सांगितलं आहे की ओव्हनच्या परवानगीचा अर्ज जूनमध्येच टाक, आणि मोजणीची तारीख शक्यतो डिसेंबरनंतरची माग, हवा कोरडी असते.